गाण्याला मनाई, तरी भिंतींवर वीणा: अजिंठ्याच्या भिक्षूंनी सूर कसे निवडले?

१/
फर्दापूर (तालुका सोयगाव, जिल्हा छत्रपती संभाजीनगर) हे गाव बहुतेकांना ठाऊक असते ते अजिंठ्याच्या तिठ्यामुळे. तिठ्यावर गाडी सोडायची, बस धरायची आणि चार-पाच किलोमीटरवर, वाघूर नदीच्या नालाकृती वळणात कोरलेली लेणी गाठायची. तिथे गेलेला प्रत्येक जण पद्मपाणी पाहून येतो. भिंतींवरच्या वाद्यांकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. बासरी, वीणा, झांजा, नाना आकारांची चर्मवाद्ये असा सगळा ताफा तिथे आहे. आणि ज्यांच्या निवासाच्या भिंतींवर तो रंगवला आहे, त्या भिक्षूंना नृत्य, गीत आणि वादन यांपासून दूर राहण्याचा नियम होता. श्रामणेराच्या दहा शीलांपैकी सातवे शील हेच सांगते.

२/
या विसंगतीचे नेहमीचे उत्तर असे: लेणी राजांच्या आणि अमात्यांच्या पैशांतून घडली, चित्रकार दरबारी जीवन जाणणारे होते, म्हणून दरबारातले गाणेबजावणे भिंतीवर आले. हे उत्तर चूक नाही, पण ते अर्ध्यावर थांबते. बौद्ध संघात संगीताविषयी शेकडो वर्षे चाललेला एक गंभीर विचार होता. कोणता सूर मन सावरतो, कोणता मन वाहवत नेतो आणि दुःखात असलेल्या माणसापुढे काय गावे, हे त्याचे प्रश्न होते. अजिंठ्याच्या भिंती त्या विचारासोबत वाचाव्या लागतात.

३/
सुरुवात २६ व्या लेण्यापासून. या चैत्यगृहाच्या डाव्या बाजूच्या भिंतीवर सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाण मूर्ती आहे. उजव्या कुशीवर पहुडलेला बुद्ध, मिटलेले डोळे. मंचाखाली शोक करणारे भिक्षू आणि उपासक ओळीने बसलेले. कुणी डोक्याला हात लावला आहे, कुणी खाली मान घातली आहे. त्यांच्यातच एक जण पाहणाऱ्याकडे पाठ करून स्वस्थ बसला आहे. तो सुभद्र, बुद्धाचा शेवटचा शिष्य, असे अभ्यासक ओळखतात.

आणि याच दृश्याच्या वरच्या पट्ट्यात आकाशस्थ देव वाद्ये वाजवत आहेत.

४/
एकाच मृत्यूच्या खाली रडणे आणि वर वादन. मार्गदर्शक याचा अर्थ सांगतात की देवांना बुद्धाच्या स्वर्गारोहणाचा आनंद झाला. हा अर्थ बौद्ध विचारात बसत नाही, कारण निर्वाण म्हणजे स्वर्ग नव्हे. पाली महापरिनिब्बान सुत्तात वेगळे चित्र आहे. शालवृक्षांच्या जोडीखाली बुद्ध पहुडलेला असताना आकाशात दिव्य वाद्ये वाजतात ती पूजेसाठी. परिनिर्वाणानंतर कुसिनाराचे मल्ल सहा दिवस नृत्य, गीत, वाद्ये आणि पुष्पमाला यांनी त्या देहाचा सत्कार करतात आणि सातव्या दिवशी दहन होते. तेच सुत्त रडणाऱ्यांनाही लपवत नाही. ज्यांची आसक्ती सुटलेली नाही ते भिक्षू हात वर करून आक्रोश करतात. ज्यांची सुटली आहे ते स्मृती राखून सहन करतात. देवांमध्येही केस मोकळे सोडून रडणारे आहेत. म्हणजे या दृश्यातले संगीत आनंदाचे नाही. सहा दिवस शोक धरून ठेवण्याची, त्याला आकार देण्याची ती रीत आहे.

५/
हे लेणे खोदवले बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने. त्याच्या शिलालेखात अश्मक देशाच्या राजाचा अमात्य भव्विराज याचा उल्लेख आहे. बुद्धभद्र त्याला आपला अनेक जन्मांचा स्नेही म्हणतो आणि लेण्याचे पुण्य भव्विराजाला व त्याच्या आईवडिलांना अर्पण करतो. संसार सोडलेल्या माणसाने मित्राच्या नावाने डोंगर कोरवला. महापरिनिर्वाणाचे हे भव्य दृश्य नेमके याच लेण्यात असावे, याकडे निव्वळ योगायोग म्हणून पाहणे कठीण आहे.

६/
आता नियमाकडे. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. षड्वर्गीय भिक्षू, म्हणजे विनयात जवळजवळ प्रत्येक गैरवर्तनाच्या मुळाशी सापडणारी ती प्रसिद्ध सहा जणांची टोळी, धम्म लांब ताना घेत गाऊ लागते. लोक कुरकुर करतात की हे तर आपल्यासारखेच गातात. तेव्हा बुद्ध अशा गाण्यातले पाच दोष सांगतो. गाणारा स्वतःच्या आवाजावर लुब्ध होतो. ऐकणारे आवाजावर लुब्ध होतात. गृहस्थ नाराज होतात. स्वर घडवण्याच्या नादात समाधी भंगते. आणि पुढची पिढी हेच वळण उचलते.

७/
या यादीत गाणे अपवित्र आहे, असे कुठेही म्हटलेले नाही. पाचांपैकी तीन दोष थेट मनाच्या अवस्थेचे आहेत: आवाजाची आसक्ती गाणाऱ्याला, ऐकणाऱ्याला, आणि एकाग्रतेचा भंग. रियाज करणाऱ्या कुणालाही चौथा दोष ओळखीचा वाटेल. शब्दांचा अर्थ बाजूला पडतो आणि लक्ष फक्त तान नीट बसली की नाही यावर राहते.

लगेच पुढे दुसरी परवानगी येते. काही भिक्षू स्वरात पठण करायला कचरू लागतात, तेव्हा बुद्ध ‘सरभञ्ञ’ म्हणजे सस्वर पठणाला अनुमती देतो. लांब तान नको, सूर चालेल. सीमारेषा इतकी बारीक होती.

८/
अजिंठ्याचे भिक्षू पाली विनय पाळत नव्हते, हे इथे सांगणे आवश्यक आहे. तिथल्या चित्रांच्या कथा अनेकदा मूलसर्वास्तिवाद पंथाच्या विनयातील पाठांशी जुळतात, हे डीटर श्लिंगलोफ यांच्या अभ्यासाने दाखवले. पण त्या पंथाचा निर्णयही याच जातीचा आहे. त्यांच्या विनयात सस्वर पठणाला दोनच प्रसंगी मोकळीक आहे: शास्त्याच्या, म्हणजे बुद्धाच्या, गुणांचे संकीर्तन आणि ‘त्रिदण्डक’ नावाचे विशिष्ट पठण. काय गायचे आणि कुठे थांबायचे, हे ठरलेले होते.

९/
बौद्ध साहित्यात सोण नावाचे दोन भिक्षू आहेत आणि दोघांचा संबंध नादाशी आहे. त्यामुळे त्यांची गल्लत फार होते.

पहिला सोण कुटिकण्ण, अवंतीचा, म्हणजे खानदेशाच्या उत्तरेकडच्या माळव्याचा. तो श्रावस्तीला येतो. पहाटे बुद्ध त्याला पठण करायला सांगतो आणि तो अट्ठकवग्ग संपूर्ण, सस्वर म्हणतो. बुद्ध त्याच्या स्पष्ट, निर्दोष आवाजाची प्रशंसा करतो.

दुसरा सोण कोळिविस, श्रीमंताघरचा सुकुमार मुलगा. साधनेत इतका चालला की पायांतून रक्त आले, आणि निराश होऊन घरी परतण्याचा विचार करू लागला. बुद्धाने त्याला विचारले ते त्याच्या जुन्या छंदाबद्दल. तू वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर? फार सैल सोडल्या तर? हा दृष्टान्त आज भित्तिपत्रकांवर ‘मध्यम मार्ग’ म्हणून छापला जातो आणि मूळ प्रसंगातला खचलेला तरुण त्यातून गळून जातो. बुद्धाने उपदेश त्याच्या हाताला ठाऊक असलेल्या नादातून केला, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट.

१०/
याहून धीट प्रसंग सक्कपञ्ह सुत्तात आहे. इंद्राला बुद्धाची भेट हवी आहे, पण ध्यानस्थ माणसाला हाक कशी मारणार? म्हणून तो पंचशिख नावाच्या गंधर्वाला वीणा घेऊन पुढे पाठवतो. पंचशिख गुहेपासून बेताच्या अंतरावर उभा राहतो आणि गातो. काय गातो? चक्क प्रेमगीत, आपल्या प्रेयसीची आळवणी. त्यात बुद्ध, धम्म, अर्हत हे सगळे उपमा म्हणून येतात. षड्वर्गीयांवर दोष ठेवणारा बुद्ध इथे रागावत नाही. तो म्हणतो की तुझ्या तारेचा नाद आणि गळ्याचा सूर एकमेकांत मिसळतात, कुणी कुणावर कुरघोडी करत नाही. हे गीत कधी रचलेस? गंधर्वाला भिक्षूचे व्रत नाही आणि ऐकणाऱ्याची समाधी त्या गाण्याने भंगणारी नाही. गाणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची स्थिती बदलली की निवाडाही बदलतो.

१७ व्या लेण्याच्या ओवरीत इंद्र ढगांतून झेपावतो आहे आणि त्याच्या भोवती वाद्ये घेतलेल्या गंधर्व-अप्सरा आहेत. ते चित्र पाहताना ही कथा माहीत असलेली बरी.

११/
मग दुखण्याचे काय? संयुत्तनिकायात एकामागोमाग तीन छोटी सुत्ते आहेत. पिप्फली गुहेत महाकाश्यप आजारी आहे. बुद्ध जाऊन त्याच्यापुढे सात बोध्यंगांचे पठण करतो. गृध्रकूटावर मोग्गल्लान आजारी आहे, तिथेही तेच. तिसऱ्यात बुद्ध स्वतः वेळुवनात आजारी आहे आणि महाचुंदाला सांगतो, तू म्हण. तिन्ही वेळा ऐकणारा दुखण्यातून उठतो. श्रीलंका, म्यानमार, थायलंडमध्ये आजही आजाऱ्याच्या उशाशी हे पठण होते. मराठवाड्यातल्या बौद्ध वस्त्यांत होणारा परित्राण पाठ याच परंपरेतला.

१२/
दुखणे पठणाने बरे झाले का, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने बाजूला ठेवलेला चांगला. लक्ष द्यायचे ते निवडीकडे. तिन्ही रुग्ण साधक होते आणि त्यांच्यापुढे जे म्हटले गेले ते त्यांनी आयुष्यभर आचरलेले होते. अनोळखी मंत्र कुणी आणला नाही.

त्याच संयुत्तातील एक सुत्त निवडीचे तत्त्वच मांडते. मन मरगळले असेल तेव्हा प्रश्रब्धी, समाधी, उपेक्षा ही शांतवणारी अंगे वाढवू नयेत. विझू लागलेल्या आगीवर ओले गवत टाकण्यासारखे ते होईल. तेव्हा धर्मविचय, वीर्य, प्रीती हवीत. उलट मन भडकलेले असेल तर या तिघांना हात लावू नये, शांतवणारी तीन घ्यावीत. सातवे अंग स्मृती. ते मात्र सर्वकाळ उपयोगी. औषध चांगले की वाईट, ते कोणत्या मनाला दिले यावर ठरते. ‘उदास वाटले की शांत संगीत लावा’ असा सरधोपट सल्ला देणाऱ्यांनी हे सुत्त एकदा वाचावे. मरगळलेल्या मनावर ते ओलेच गवत आहे.

१३/
हे सगळे डोक्यात ठेवून पहिल्या लेण्यात जावे. डावीकडच्या भिंतीवर महाजनक जातक आहे. राजा विरक्त झाला आहे. राणी सिवली त्याला वळवू पाहते. नर्तकी मध्यभागी, भोवती वादक स्त्रिया. कुणाच्या ओठांशी बासरी, कुणाच्या हातात झांजा, कुणाच्या पुढ्यात चर्मवाद्य. भारतीय चित्रकलेत वाद्यवृंदाचे इतके सुंदर चित्र क्वचितच सापडेल. आणि कथेत हा वृंद अपयशी ठरतो. राजा निघून जातो.

चित्रकाराने मात्र अपयशी ठरणारे संगीत फिके रंगवले नाही. ते मोहक आहे, पाहणाऱ्याला थांबवणारे आहे. मोह खराखुरा दाखवला नाही तर महाजनकाने काय सोडले ते कळणार कसे? ध्यानाला बसणारे भिक्षू रोज या चित्रासमोरून जात असत.

१४/
१७ व्या लेण्याची गोष्ट अधिक खाजगी आहे. वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात (पाचव्या शतकाचा उत्तरार्ध) त्याच्या एका मांडलिक राजाने ते खोदवले. शिलालेख झिजला आहे आणि दात्याचे नाव हरवले आहे. पण धाकट्या भावाचे नाव वाचता येते: रविसांब. दोघे भाऊ जोडीने वाढले, जोडीने लढले, आणि अनित्यतेच्या वज्राने धाकट्याला नेले. त्यानंतर थोरल्याने मन दानधर्माकडे वळवले, असे लेख सांगतो. भाऊ गमावलेल्या माणसाने उभारलेल्या या विहारात भिंतभर विश्वंतर जातक रंगवले आहे. राज्य, हत्ती, मुले, पत्नी, सगळे देऊन टाकणाऱ्या आणि शेवटी सगळे परत मिळणाऱ्या राजपुत्राची ही कथा.

१५/
आणि ही कथा गायली जात असे. सातव्या शतकात चिनी भिक्षू इत्सिंग भारतात आला. ६७१ मध्ये तो समुद्रमार्गे निघाला, नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला. मूलसर्वास्तिवादाचा विनय चिनी भाषेत नेणारा तो हाच. तो नोंदवतो की पूर्व भारतातल्या चंद्र नावाच्या विद्वानाने विश्वंतरावर गीत रचले आणि भारताच्या पाचही भागांत लोक ते गात-नाचत असत. इत्सिंग अजिंठ्याच्या नंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहितो, त्यामुळे १७ व्या लेण्यात ते गीत घुमले असे म्हणता येणार नाही. पण जी कथा भिंतीवर रंगवली जात होती तीच पुढे लोकांच्या गळ्यात होती, एवढे नक्की.

१६/
विहारातले गाणे कसे होते तेही इत्सिंगच सांगतो. नालंदेत माणसे इतकी की सगळ्यांनी एकत्र जमणे अशक्य. म्हणून रोज संध्याकाळी एक गायक भिक्षू दालनादालनांतून स्तोत्र म्हणत जाई, पुढे फुले आणि धूप घेतलेले सेवक. स्तोत्रे प्रामुख्याने मातृचेटाची. (दंतकथा अशी की बुद्धाला पाहून गाणारा एक पक्षीच पुढे मातृचेट म्हणून जन्मला. बंदीच्या छायेत वाढलेल्या परंपरेने आपल्या कवीचा पूर्वजन्म पक्ष्याचा मानावा, यात गंमत आहे.)

स्तोत्रपठणाचे सहा लाभ इत्सिंग देतो. बुद्धगुणांची खोली कळते. रचना कशी करावी ते समजते. जीभ शुद्ध होते. छाती मोकळी होते. सभेत भीती वाटत नाही. आयुष्य वाढते आणि रोग होत नाहीत.

१७/
शेवटचा लाभ त्या काळच्या श्रद्धेचा भाग आहे. पण चौथा आणि पाचवा पाहावा. छाती मोकळी होणे, चारचौघांत न घाबरणे. कोणत्याही भजनी मंडळात दहा वर्षे बसलेला माणूस हेच सांगेल, आणि त्याला त्यासाठी चमत्काराची गरज भासणार नाही. इत्सिंगने हे लाभ गाणाऱ्याचे म्हणून दिले आहेत, हेही महत्त्वाचे. आजची बहुतेक चर्चा श्रोत्याला काय मिळते याची असते.

१८/
सूर कुठवर नेऊ शकतो, याची भीतीही त्या काळाला होती. पाचव्या शतकात चिनी भाषेत आलेला एक ग्रंथ अश्वघोषाची कथा सांगतो. त्याने राष्ट्रपालाच्या वैराग्यावर संगीतरचना केली आणि पाटलिपुत्रात स्वतः वादकांत मिसळून ती सादर केली. ऐकून पाचशे राजपुत्रांनी घर सोडले. राज्य ओस पडेल या धास्तीने राजाने त्या गीतावरच बंदी घातली. कथेला इतिहास मानू नये. तरी गंमत पाहावी: संघ गृहस्थांच्या गाण्याला भीत होता आणि इथे राजा संघाच्या गाण्याला.

१९/
आता वैद्यकाकडे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला पंधरावा अध्याय उपचारगृह कसे सज्ज करावे ते सांगतो. मजबूत, वाऱ्याच्या थेट झोतापासून सुरक्षित घर, स्वयंपाकी, अंग चोळणारे, दुभती गाय आणि तिचे वासरू, लावा पक्षी, ससे, हरणे. त्याच यादीत गीत, वाद्य, श्लोक, गाथा, आख्यायिका, इतिहास, पुराण यांत कुशल माणसे येतात. चरक त्यांच्यासाठी तीन विशेषणे वापरतो: अभिप्रायज्ञ, अनुमत, देशकालविद. रुग्णाच्या मनात काय आहे ते ओळखणारे, त्याला पसंत असलेले, स्थळकाळ जाणणारे. गवय्या कितीही थोर असला तरी रुग्णाला नको असेल तर तो त्या खोलीत येत नाही.

ही व्यवस्था राजा, राजपुरुष किंवा धनिकासाठी आहे, हे चरक लपवत नाही. सर्व माणसांकडे सर्व साधने नसतात, गरिबाने जमेल त्यावर भागवावे, असेही तो त्याच अध्यायात सांगतो.

२०/
या ठिकाणी समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या एका तक्त्याचा समाचार घेणे भाग आहे. अमुक राग रक्तदाबावर, तमुक निद्रानाशावर, आणि खाली ‘चरकसंहितेतील प्राचीन रागचिकित्सा’. चरकात एकाही रागाचे नाव नाही आणि असणे शक्यही नाही. ‘राग’ या संकल्पनेची व्याख्या प्रथम मिळते ती मतंगाच्या बृहद्देशीत, साधारण सहाव्या ते आठव्या शतकांत. म्हणजे अजिंठ्याचे छिन्नी-हातोडे थांबल्यानंतर. निद्रानाशावर हमखास सुचवला जाणारा दरबारी कानडा तर परंपरेनुसार तानसेनाचा, सोळाव्या शतकातला. भरताच्या नाट्यशास्त्रात स्वरांचा संबंध जोडला आहे तो रसांशी: गांधार आणि निषाद करुणाला, मध्यम आणि पंचम शृंगार व हास्याला, असा. रोगांचा कोष्टक तिथेही नाही.

२१/
या बाबतीत सर्वांत अधिकारी साक्षीदार याच जिल्ह्यातला आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारी तेराव्या शतकात शार्ङ्गदेव होता. काश्मीरहून आलेल्या घराण्यातला. पेशाने हिशेबखात्याचा प्रमुख, आणि संगीतरत्नाकराचा कर्ता. ग्रंथारंभी तो स्वतःविषयी सांगतो की आपण गरजूंना धन, जिज्ञासूंना विद्या आणि रोगार्तांना रसायने दिली. औषधांची जाण असलेला माणूस. त्याच्या पहिल्याच अध्यायात गर्भाची वाढ, शरीराची घडण, नाड्या, चक्रे असा मोठा भाग आहे, कारण नाद देहातून उठतो. पुढे २६४ राग येतात आणि अनेक रागांपुढे तो ऋतू, प्रहर, रस सांगतो.

रोग सांगत नाही. दोन्ही विद्या हाताशी असलेल्या या माणसाने रसायने रुग्णांना दिली आणि राग रसाला. तक्ते फिरवणाऱ्यांनी देवगिरीचा हा हिशेबनीस वाचला असता तर बरे झाले असते.

२२/
म्हणून संगीताचा मनावर परिणाम होत नाही, असे मुळीच नाही. नैराश्यावरील संगीतोपचाराचा २०१७ चा कॉक्रेन आढावा ९ अभ्यास आणि ४२१ सहभागी व्यक्तींवर आधारलेला आहे. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिल्यास अल्पकाळात लक्षणे कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. ‘जोड’ आणि ‘अल्पकाळ’ हे दोन्ही शब्द लक्षात ठेवावेत.

निवडीचा जुना प्रश्नही तिथे पुन्हा आला. १९४० च्या दशकात अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ इरा आल्टशुलर यांनी ‘आयसो’ तत्त्व मांडले: प्रथम रुग्णाच्या मनःस्थितीशी जुळणारे संगीत द्यावे आणि मग हळूहळू ते पालटत न्यावे. बोध्यंगांचे सुत्त उलट बाजूने जाते, मनःस्थितीला तोल देणारे आधी. ही दोन उत्तरे एकमेकांना सहज मिळणारी नाहीत. शोक ताजा असताना पहिले बरोबर वाटते; तेच गाणे महिनोन्‌महिने पुन्हापुन्हा लावून जखम खाजवणाऱ्या माणसाला दुसरे अधिक लागू पडते. रविसांबाच्या भावाला काय लागू पडले असते, ते त्याच्या झिजलेल्या लेखातून कळत नाही.

२३/
चरकाने ज्यांना ‘जमेल त्यावर भागवा’ म्हटले, त्यांच्याकडे काय होते? महाराष्ट्रात उत्तर पहाटेच्या जात्यापाशी सापडते. पहिल्या ओव्या देवाला, मग आईला, भावाला, आणि दळण अर्ध्यावर आले की सासुरवास. स्वतःचे गाऱ्हाणे उघड बोलता येत नसे, तेव्हा ते सीतेच्या नावावर घातले जाई. तिचा वनवास, तिचे बाळंतपण, रामाने टाकणे. कोणती ओवी कुठे घ्यायची ते गाणारी स्वतः ठरवी. घरातले पुरुष झोपलेले असत आणि जात्याच्या घरघरीत शब्द अर्धे बुडत.

२४/
गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते अडगळीत गेले. बाईचे श्रम वाचले, ते वाचायलाच हवे होते. पण ती दोन तासांची एकांत जागाही गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या बायकांकडून या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आज त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव यांसह ऐकता येतात.